भांडणानंतर घरमालक म्हणतो ‘आठ दिवसांत घर खाली करा’ : तुमच्या हातात नेमकं काय आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात वडगाव बुद्रुकला दोन बेडरूमचा फ्लॅट. २२ महिन्यांचा नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार, विचारणाऱ्या ताईंच्या नावावर. त्यातले १४ महिने झाले. महिना १८,००० रुपये भाडं, ६०,००० डिपॉझिट. वरच्या मजल्यावरून बाथरूमच्या भिंतीत पाणी झिरपतं. मालक दुरुस्ती करेना, म्हणून ताईंनी दोन महिने भाडं दिलं नाही. आता मालकाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला आहे की आठ दिवसांत घर खाली करा, नाहीतर कुलूप बदलतो आणि लाइट तोडतो. परवा तो दोन माणसं घेऊन दारात येऊन गेला. पोलिस चौकीत सांगितलं, ‘हे सिव्हिल मॅटर आहे.’ घरात सासूबाई आजारी, मुलगा दहावीला. तो खरंच बाहेर काढू शकतो का, पोलिस काहीच करत नाहीत का, थकलेलं भाडं डिपॉझिटमधून वळतं करता येईल का, आणि इथे किती दिवस राहता येईल, हे त्यांना विचारायचं आहे.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण आज रात्री झोप लागायला तेच हवं. नाही, तो स्वतःहून तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. करार संपलेला असो, भाडं थकलेलं असो, घर त्याच्या नावावर असो, राहत्या माणसाकडून घर ताब्यात घ्यायचं तर त्याला सक्षम प्राधिकाऱ्याचा (भाडे कायद्याखाली अशी प्रकरणं ऐकायला नेमलेल्या अधिकाऱ्याचा) किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. तो आदेशही सरकारी यंत्रणा बजावते, मालकाचे मेहुणे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच हे स्पष्ट केलं आहे: माणूस जागेत स्थिरावलेला असेल, तर त्याला तिथे राहण्याचा हक्क उरला नाही असं धरून चाललं तरी मालकाला त्याला कायद्याच्या मार्गानेच हटवावं लागतं. तो निकाल मुदत संपलेल्या व्यवसायाच्या परवान्याबाबत होता, म्हणजे तुमच्यापेक्षा कमकुवत स्थितीतल्या माणसाबाबत.

आता दुसरी गोष्ट, तितकीच स्पष्टपणे. भाडं थांबवलंत, ते तुमच्या विरोधात जाणार आहे. भिंत ओली आहे, तुमचा राग खरा आहे, तो दुरुस्ती टाळतोय हेही खरं. पण प्राधिकाऱ्यापुढे किंवा कोर्टात भांडण कशावरून पेटलं याला फार थोडी किंमत असते. तिथे दोन गोष्टी पाहिल्या जातात: करारात काय लिहिलंय आणि पैसे वेळेवर गेले का. आज तुमच्या कागदपत्रांत एकच भोक आहे आणि ते तुम्हीच पाडलं आहे. ते बुजवणं तुमच्या हातात आहे, म्हणून बाकी सगळ्याच्या आधी ते करा.

उद्याच ३६,००० रुपये त्याच्या बँक खात्यात भरा. रोख देऊ नका. ज्या खात्यात आजवर भाडं जात होतं त्यातच, ‘अमुक आणि अमुक महिन्याचं लायसन्स शुल्क’ असा शेरा टाकून. त्याच दिवशी मेसेज आणि ईमेल करा की दोन्ही महिन्यांची रक्कम जमा केली आहे, गळतीबाबतची माझी तक्रार आणि माझे सर्व हक्क राखून ठेवले आहेत. तो पैसे परत पाठवेल किंवा खातं बंद झालं म्हणेल, तर मनीऑर्डर करा. नाकारलेली मनीऑर्डर शेरा मारून परत येते आणि तो शेरा मोठ्या कामाचा असतो. तुम्ही द्यायला तयार होता, त्याने घेतले नाहीत, हे त्यातून सिद्ध होतं. पुढच्या महिन्यांचंही करारातल्या तारखेच्या आत जाऊ द्या.

डिपॉझिटमधून वळतं करायचा विचार सोडून द्या. जवळजवळ प्रत्येक छापील करारात ‘अनामत रक्कम भाड्यापोटी वळती करता येणार नाही’ असं वाक्य असतं, आणि दोन महिने भाडं थकलं तर करार रद्द करता येईल असंही असतं. तुम्ही स्वतःच वळतं करून घेतलंत तर मालकाला हवं असलेलं कारण त्याच्या हातात आयतं पडतं. शेवटच्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापायचं असं दोघांनी लेखी ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता या आठवड्यातला धोका, म्हणजे कुलूप आणि लाइट. पुढचे काही दिवस घर पूर्ण रिकामं ठेवू नका. सगळ्यांना बाहेर जावं लागलं तर शेजारी किंवा नातेवाईक घरात राहू द्या. दाराबाहेर आणि आत घरसामान दिसेल असा व्हिडिओ आजच काढून ठेवा, मीटरचं रीडिंगही त्यात घ्या. करार, भाड्याच्या नोंदी, दागिने, मुलाची शाळेची कागदपत्रं आणि सासूबाईंच्या फायली काही दिवस विश्वासाच्या माणसाकडे ठेवल्यात तर बरं. माणसं पुन्हा आली तर दार उघडू नका, आतूनच बोला, रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि ११२ ला फोन करा. फोनवर ‘भाड्याचा वाद आहे’ असं सांगू नका. ‘माणसं जबरदस्तीने घरात घुसू पाहताहेत, घरात आजारी बाई आणि मुलगा आहे’ असं जे घडतंय तेच सांगा. नेमक्या शब्दांनी फरक पडतो, कारण भाड्याचा वाद हा दिवाणीच आहे, त्यात चौकीवाल्यांचं चुकलं नाही. पण घरात घुसणं, सामान बाहेर टाकणं, धमकावणं, रस्ता अडवणं हे भारतीय न्याय संहितेखालचे गुन्हे आहेत. कलम १२६ वाट अडवण्याचं, ३२९ गृह अतिक्रमणाचं, ३५१ धमकीचं. तुम्ही चौकीत तोंडी गेलात आणि भाड्यापासून गोष्ट सुरू केलीत, म्हणून ‘सिव्हिल मॅटर’ ऐकून परत आलात.

या वेळी लेखी अर्ज घेऊन पोलिस ठाण्यात जा. एका पानाचा पुरे. करार अमुक तारखेपर्यंत चालू आहे, अमुक दिवशी किती वाजता किती माणसं आली, काय म्हणाली, मेसेजमध्ये कुलूप बदलण्याची धमकी आहे, एवढंच लिहा. मेसेजची प्रिंट आणि कराराची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. अर्ज घेतला नाही, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलिस उपायुक्तांना पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलिस आणि फौजदारी कोर्टाच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७३(४) मध्ये वरिष्ठांकडे जाण्याची ही वाट दिलेली आहे. तिथेही दखल घेतली गेली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. बहुतेक वेळा तिथपर्यंत जावं लागत नाही. ठाण्यातून मालकाला एक फोन गेला, ‘आदेश आणल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही’ असं त्याला सांगितलं गेलं, की कुलूप बदलायची भाषा बंद होते.

लाइटचं बिल तुम्ही भरत असाल तर भरत राहा आणि पावत्या ठेवा. मीटर मालकाच्या नावावर असतं, त्यामुळे तो महावितरणकडे ‘तात्पुरता पुरवठा बंद करा’ असा अर्ज देऊ शकतो. तसा संशय असेल तर उपविभागीय कार्यालयात आधीच पत्र द्या: मी इथे चालू कराराखाली राहते, बिल भरलेलं आहे, मला कळवल्याशिवाय पुरवठा तोडू नये. वीज ही मूलभूत सोय आहे आणि मालकाने ना हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात म्हटलं आहे. ते प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. पत्रात त्याचा उल्लेख करा. मालकाने सोसायटीला सांगून पाणी बंद करायला लावलं तर सोसायटीच्या सचिवांनाही लेखी द्या. सभासद आणि त्याच्या जागेत राहणाऱ्याच्या वादात पाणी तोडायचा अधिकार सोसायटीला नाही.

एवढं झालं की मुळाशी जाऊ, कारण तुम्हाला किती दिवस राहता येईल हे तिथे ठरतं. आपण बोलताना सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो, पण महाराष्ट्रात घरात राहणाऱ्यांचे दोन अगदी वेगळे वर्ग आहेत. एक खरा भाडेकरू. पागडीची जागा, वाड्यातली जुनी खोली, चाळ, पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाडेपावत्या. दुसरा लिव्ह अँड लायसन्सवाला, म्हणजे परवानाधारक, ज्याला ठरलेल्या मुदतीपुरतं राहायची परवानगी आहे. दोघांना लागू होणारा कायदा एकच, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. पण त्यातलं संरक्षण जवळजवळ सगळं पहिल्याला आहे आणि दुसऱ्याच्या वाट्याला मुख्यत्वे कलम २४ येतं.

हे असं का झालं, ते थोडं सांगतो, म्हणजे मालकाच्या भीतीचाही अंदाज येईल. जुना मुंबई भाडे कायदा १९४७ चा. भाडेकरूला त्यात इतकं भक्कम संरक्षण होतं की मालकांनी ‘भाड्याने’ द्यायचं सोडून ‘लायसन्स’वर द्यायला सुरुवात केली. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेले लोक एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. असंख्य मालकांच्या जागा त्या दिवसापासून कायमच्या अडकल्या. मालक आजही अकरा महिन्यांवर जायला कचरतात आणि दोन महिने भाडं थकलं की घाबरून कुलपाची भाषा करतात, त्यामागे तो इतिहास आहे. १९९९ च्या कायद्याने ही भीती घालवायला कलम २४ ठेवलं: राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपली की परत करायची, न केल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तिथे नेहमीसारखा लांबलचक दावा चालत नाही, प्रक्रिया मुद्दाम आखूड ठेवलेली आहे.

त्या आखूड प्रक्रियेतली एक तारीख लोक हमखास चुकवतात. प्राधिकाऱ्याचं समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत तुम्हाला प्रतिज्ञापत्र देऊन ‘मला बाजू मांडायची परवानगी द्या’ असं मागावं लागतं. कलम ४३ तसं सांगतं. आपोआप कैफियत (लेखी उत्तर) देता येत नाही, आधी परवानगी. ३० दिवस गेले आणि तुम्ही काहीच केलं नाही, तर मालकाने अर्जात लिहिलेलं सगळं तुम्ही कबूल केलं असं धरून ताब्याचा आदेश होतो. आदेशाविरुद्ध अपील नाही. कलम ४४ खाली पुनरीक्षण (आदेश वरून तपासून घेणं) मागता येतं, त्याला ९० दिवसांची मुदत आहे. म्हणून दारावर चिकटवलेला कागद, वॉचमनकडे ठेवलेलं पाकीट, काहीही आलं तरी त्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. नोटीस घेतलीच नाही की प्रकरण पुढे सरकत नाही, हा समज माझ्या पाहण्यात कित्येक कुटुंबांना महागात पडला आहे.

आणखी एक गोष्ट कलम २४ मध्येच आहे. लायसन्सचा लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यामुळे ‘कागदावर लायसन्स असलं तरी मी खरं तर भाडेकरूच’ हा बचाव प्राधिकाऱ्यापुढे टिकत नाही. तुम्हाला कुणी तसं लढायला सांगत असेल तर पैसे आणि वेळ दोन्ही जातील.

तुमचा मुद्दा वेगळा आहे आणि तो चांगला आहे: मुदत संपलेलीच नाही. कलम २४ ‘मुदत संपल्यावर’ जागा परत करायला सांगतं. तुमचे आठ महिने शिल्लक आहेत. मालक म्हणेल की दोन महिने भाडं थकलं म्हणून मी करार रद्द केला. तेव्हा आज रात्री करार काढून समाप्तीचं कलम नीट वाचा. नोटीस लेखी हवी का, कुठल्या पत्त्यावर, किती दिवसांची, थकबाकी भरायला आधी संधी द्यायची का, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) कुणाला बांधतो. बहुतेक करारांत एक महिन्याची लेखी नोटीस असते. तुमच्याकडे आलेला मेसेज आठ दिवसांचा आहे आणि त्यात थकबाकीचा उल्लेखही नाही, नुसती धमकी आहे. त्याला रीतसर समाप्तीची नोटीस म्हणणं अवघड आहे. पण मालक वकिलाकडे गेला की दुसरी नोटीस नीट येईल. त्याआधी थकबाकी भरलेली असेल तर तुमची बाजू खूप सावरते. मी पैशांची एवढी घाई करायला सांगतोय ती यासाठी.

करार रद्द झाला असं घटकाभर धरलं तरी १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातली (ईझमेंट्स ॲक्ट, परवान्याचे सर्वसाधारण नियम त्यात आहेत) दोन कलमं तुमच्या बाजूला आहेत, जी फारशी कुणी वापरत नाही. कलम ६३ म्हणतं की परवाना रद्द झाल्यावर परवानाधारकाला जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळालाच पाहिजे. आजारी सासूबाई आणि दहावीची परीक्षा असलेल्या घराला आठ दिवस वाजवी आहेत असं कुणी म्हणणार नाही. कलम ६४ म्हणतं की मोबदला देऊन घेतलेल्या परवान्यातून, परवानाधारकाचा दोष नसताना, मालकाने मुदतीआधी बाहेर काढलं तर भरपाई मागता येते. ‘दोष नसताना’ हे शब्द पुन्हा त्या दोन महिन्यांकडे बोट दाखवतात.

मालकाच्या मेसेजला उत्तर द्या, गप्प राहू नका. रागाचा एक शब्द नको. करार चालू आहे, थकबाकी भरली, समाप्तीची तुमची सूचना मला मान्य नाही, बेकायदा ताबा घ्यायचा प्रयत्न केला तर कायदेशीर कारवाई करेन, गळतीची पाहणी कधी करता ते कळवा. झालं. हेच वकिलाच्या लेटरहेडवरून गेलं तर अधिक वजन येतं.

धमक्या थांबल्या नाहीत तर मनाई हुकूम मागायचा. ‘कायद्याच्या मार्गाशिवाय ताब्याला अडथळा आणू नये’ एवढीच मागणी ठेवा. मागणी मोजकी असली की अंतरिम आदेश लवकर मिळतो, कारण मालकाचा प्राधिकाऱ्याकडे जायचा हक्क त्याने अडत नाही. दावा लघुवाद न्यायालयात की दिवाणी न्यायालयात, हे तुमचा करार आणि मागण्यांची शब्दरचना पाहून वकिलाने ठरवायचं असतं. तिथे चूक झाली तर अधिकारक्षेत्राच्या वादातच महिने जातात. मालकच आधी कोर्टात जाऊन एकतर्फी आदेश आणेल अशी शंका असेल तर कॅव्हेट दाखल करून ठेवा. ती ९० दिवस चालते आणि तुम्हाला ऐकल्याशिवाय आदेश होऊ देत नाही.

समजा सगळं करूनही तुम्ही गावाला गेलेल्या असताना त्याने कुलूप बदललंच. त्याच दिवशी पोलिसांत अर्ज आणि त्याच आठवड्यात कोर्ट. बेकायदा हुसकावलेल्याला ताबा परत मिळवून देणारं विशिष्ट अनुतोष कायद्याचं (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ आहे. सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो आणि त्यात मालकीचा प्रश्न काढता येत नाही. खऱ्या भाडेकरूच्या हातात हे कलम भक्कम आहे. लायसन्सच्या करारात ‘कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील’ असं वाक्य असतं, त्यावरून समोरचा वकील हरकत घेईल, म्हणून तुमच्यासाठी ताबा जाण्याआधीची मनाई जास्त मोलाची.

गळतीचं काय? खऱ्या भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ आहे: मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरी दुरुस्ती झाली नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून कापायचा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. तुम्ही परवानाधारक आहात, तुम्हाला करारातलं दुरुस्तीचं कलम पाहावं लागेल. मोठ्या दुरुस्त्या मालकाकडे, किरकोळ राहणाऱ्याकडे, असं सहसा असतं. पाणी वरच्या फ्लॅटमधून येत असेल तर सोसायटीकडे लेखी तक्रार करा आणि मालकालाही करायला लावा. प्लंबरकडून पाहणी करून घेऊन त्याचा अंदाजपत्रकाचा कागद घ्या. तारखेसह फोटो ठेवा. घर सोडताना हाच मालक त्या भिंतीच्या रंगाचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून कापायला बघेल, तेव्हा हे फोटो उपयोगी पडतील.

जे जुने भाडेकरू हे वाचत असतील त्यांच्यासाठी थोडं. तुमची गोष्ट निराळी आहे. भाडं थकलं म्हणून दावा करायचा तर मालकाला आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि तिच्यानंतर ९० दिवस थांबावं लागतं. दावा आल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजाने आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, आणि पुढे दावा संपेपर्यंत भाडं नियमित भरलं, तर त्या कारणावरून घर जात नाही. हे कलम १५. कलम १६ मध्ये ताबा मागण्याची बाकीची कारणं आहेत: लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम, पोटभाडेकरू, शेजाऱ्यांना उपद्रव, मालकाची स्वतःची प्रामाणिक गरज. गरजेच्या दाव्यात घर गेल्याने कुणाचं जास्त नुकसान होईल हे कोर्टाला तोलावंच लागतं. सगळ्यात घातक ठरतं ते सलग सहा महिने जागा विनाकारण बंद असणं. मुलाकडे परदेशी गेलेले आईवडील, बंद खोली, लाइटबिलावर शून्य युनिट, आणि मालकाच्या हातात तयार दावा. तुमचं पाणी, लाइट किंवा जिन्यातला दिवा तोडला तर कलम २९ खाली थेट अर्ज करा. प्रत्येक भाड्याची पावती मागा. कलम ३१ प्रमाणे ती देणं मालकावर बंधनकारक आहे.

तोंडी व्यवहारावर किंवा साध्या स्टॅम्पपेपरवर राहणाऱ्यांनीही घाबरून जाऊ नये. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती पाळली नाही तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही’ हे महाराष्ट्रात खरं नाही.

तसंच ‘नवा भाडे कायदा आला, दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही’ असे मेसेज फिरतात. तो केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडे कायद्याचा नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय नमुना लागू होत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर मालकाशी वाद घालू नका. बारा वर्षं राहिलं की घर आपलं होतं, हेही परवानगीने राहणाऱ्याला लागू नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, किती दिवस. कराराचे आठ महिने तुमचे आहेत असं धरून चाला आणि त्यापुढे एक दिवसही राहायचा विचार करू नका. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर ताबा जाईपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. तुमच्या बाबतीत महिना ३६,०००. पाच महिने ओढलेत तर १,८०,०००, म्हणजे डिपॉझिट जाऊन वर सव्वा लाखाच्या आसपास देणं. लायसन्सवाल्याने मुदतीनंतर लढत राहणं मला कधीच पटलेलं नाही.

उलट, माझा प्रामाणिक सल्ला असा की थकबाकी भरून, धमक्यांना लेखी उत्तर देऊन तुमची बाजू घट्ट झाली की मग तडजोडीचं बोला. ज्या माणसाने दारात माणसं आणली त्याच्या घरात आठ महिने काढणं सासूबाईंना आणि मुलाला सोसेल का, हे तुम्हीच ठरवायचं. पण निघायचंच असेल तर तुमच्या तारखेला निघा. परीक्षा संपल्यानंतरची तारीख मागा. मालकालाही प्राधिकाऱ्याकडे हेलपाटे घालण्यापेक्षा ठरलेल्या तारखेला मिळणारं घर हवं असतं.

तडजोड कागदावर हवी, दोघांच्या सह्यांनी: अमुक तारखेला ताबा, त्याच वेळी ६०,००० रुपये बँकेत जमा, तोपर्यंत भाडं नियमित, लाइट-पाण्याला हात नाही, गळतीच्या भिंतीपोटी कपात नाही, करार त्या तारखेला संपुष्टात. चाव्या देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घर पाहायचं, व्हिडिओ घ्यायचा, मीटरचं रीडिंग आणि शेवटचं बिल लिहायचं. पैसे खात्यात दिसले की चाव्या, आणि चाव्या मिळाल्याची सही. ‘आधी चाव्या द्या, पंधरा दिवसांत डिपॉझिट देतो’ याला नाही म्हणा. मात्र मुदत संपून गेल्यावर डिपॉझिटसाठी घर अडवून बसू नका, वर सांगितलेली दुप्पट भरपाई सुरू होते. तशी वेळ आली तर ताबा लेखी पोच घेऊन द्या आणि डिपॉझिटसाठी वेगळी नोटीस व वसुलीचा दावा करा. त्याला तीन वर्षांची मुदत असते.

वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याचं कलम १२ तसं सांगतं, आणि करार तुमच्याच नावावर आहे. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. दावा दाखल होण्याआधी तिथे मध्यस्थीही करून मिळते, मालकाला बोलावणं जातं. जाताना कराराची नोंदणी झालेली प्रत, आजवर भरलेल्या भाड्याच्या बँक नोंदी, उद्या भरलेल्या ३६,००० ची पावती, व्हॉट्सॲपचं संभाषण (फोनसकट, मूळ मेसेज पुसू नका), पोलिसांचा शिक्का असलेली प्रत, गळतीचे फोटो आणि सासूबाईंच्या आजारपणाचे कागद घेऊन जा.